केसाएवढी चीर

मुलगा घरी आला तो घुश्शातच. "तुझ्या सुनेने आज माझा जोड बाद केला. सगळ्या कारखान्यात माझी शोभा झाली!"

तो विमानाच्या भागांचं वेल्डिंग करतो आणि सून त्याच कारखान्यात ते भाग तपासते, न तोडता, न फोडता. त्यांना चमकता रंग लावायचा, पुसायचा आणि काळोख्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बघायचं. केसाएवढी चीर असली, तरी तिच्यात मुरलेला रंग हिरवागार चमकतो. माझ्या नजरेतून सुटलेलं तिच्या नजरेतून सुटत नाही. आणि माझ्या नजरेतून काही सुटतं, असं म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

"नवऱ्याचं काम आहे हे ठाऊक होतं ना गं?" त्याच्या मागोमाग आत आलेल्या सुनेला मी विचारलं.

"होतं की. पण आई, नवरा बघून चीर बुजत नाही."

"जरा कानाडोळा केला असतास, तर काय आभाळ कोसळणार होतं?" तो गुरगुरला.

"आभाळ नाही रे, विमान!" मी म्हणाले. "ऊठ, हातपाय धू आणि जेवायला बस."

दुसऱ्या दिवशी सून हसतच घरात शिरली. "आई, साहेबांनी ह्यांना विचारलं, घरात भांडण नको, तुमचं काम यापुढे दुसऱ्याकडे तपासायला देऊ का?"

"मग? काय म्हणाला माझा शहाणा?"

"म्हणाले, तिच्याकडेच द्या. दुसऱ्या कुणी पास केलं, तर मला झोप लागायची नाही."