फडक्याची चव
अकोल्याचा कापूस आगगाडीनं मुंबईला पोचवून नत्थुजी परतले. समुद्रातले जीव कसे जगतात हे शोधायचं, हा त्यांच्या लेकीचा लहानपणापासूनचा ध्यास. म्हणून मडक्यात समुद्राच्या पाण्यासकट शंखातला खेकडा आणला. “हा जगला तं पुढच्या खेपेले तुले समिंदरावर नेतो,” म्हणाले. पण पाणी वाटेतच सांडलेलं. तिनं गावच्या खाऱ्या विहिरीचं ओतलं. तेव्हापासून खेकडा शंखाबाहेर आलाच नव्हता. घाबरून तिनं मडक्यावरचं, समुद्राच्या पाण्यानं भिजलेलं फडकं चाटलं, मग विहिरीचं पाणी. दोन्ही खारट, पण विहिरीचं कडवटही. ते फेकून तिनं कोसभरावरून आणलेलं गोडं पाणी ओतलं आणि मीठ कालवत, फडक्यासारखी चव येईपर्यंत चाखत राहिली. “प्याचं पानी काहून नासवून राहिली?” आईनं हात उगारला. शंखातून थरथरता पाय निघाला. आईनं रिकामी घागर उचलली. “अजून किती पानी लागन?”