सहाची हाक

"बाबा, काल तुम्ही अकरा तास बसून होतात," ती फोनवर म्हणाली. "अकरा तास बावीस मिनिटं."

"छे गं. काल बाजार, बँक, सगळं पायी केलं."

"पट्टा तसं सांगत नाही."

"मग पट्ट्यालाच विचार," वडील म्हणाले.

दोन महिने हे असंच चाललं होतं. माणसं दिवसभर किती बसतात, किती उभी राहतात, किती चालतात हे मोजायचं, हेच तिचं काम. गुडघ्याच्या वर, मांडीला एक मऊ पट्टा बांधायचा. त्यात काडेपेटीएवढं यंत्र. मांडी आडवी म्हणजे माणूस बसलेला, सरळ म्हणजे उभा. कपड्याच्या आत असल्यामुळे कुणाला दिसत नाही. नोंद आपोआप मोबाईलवर येते. बसणं फार झालं की इकडून बटण दाबायचं, तिकडे मांडीवर थरथर होते. तिच्या संशोधन केंद्रात या थरथरीला 'हाक' म्हणत, आणि ती ऊठसूट हाका मारते म्हणून तिला 'उठाबाई'.

वडिलांना हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, बसून राहिलात तर पुन्हा इथंच याल, आणि त्या वेळी स्ट्रेचरवरून. वडील एकटे राहणारे, ती पाच तासांवर. तिनं त्याच आठवड्यात पट्टा पाठवून दिला.

आणि आकडे आले ते असे. सगळा दिवस बसणं. सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, अशी तीनदा ती हाक मारायची, तेवढंच उठणं. तेही पहिल्या आठवड्यात आठ सेकंद. मग बारा. वीस सेकंदांची नोंद आली त्या दुपारी डबा खाता खाता तिचे डोळे भरून आले. मिरची लागली, असं तिनं शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगितलं. निदान माझी हाक तरी ऐकतात, एवढंच तिला वाटत राहिलं.

व्हिडिओ कॉलवर वडील ठणठणीत दिसायचे. पण त्यावर ती काय विश्वास ठेवणार? वाईट बातमी लपवण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता. ती दहा वर्षांची असताना आई घर सोडून गेली, तेव्हाही ते चार दिवस "येईल गं, येईल" म्हणत राहिले होते. आई तिला ठमी म्हणायची. आई गेली तशी ती हाकही गेली, घरात पुन्हा कुणी ते नाव घेतलं नाही. मागे एकदा वडील चाचरत म्हणाले होते, "अगं, तुझी आई सध्या..." तिनं तिथंच तोडलं. "त्या बाईचा विषय काढलात तर मी फोन ठेवीन." वडिलांनी पुन्हा काढला नाही.

शेवटी तिनं आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली ठरवली. नर्स होती, व्यायाम करून घेणारा माणूस होता. वडिलांना तिनं कळवून टाकलं.

"मी हलत नाही म्हणून ओरडतेस, आणि मलाच हलवायला निघालीस?"

"रविवारी न्यायला येते. तुम्हाला काही झालं तर मला माझं तोंड बघवणार नाही, बाबा."



"मला इथून नेऊ नकोस गं," वडील म्हणाले. "एवढं एक ऐक माझं."

त्यांनी आजवर तिच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. तिला कसंतरीच झालं. पण खोली तिनं रद्द केली नाही.

शनिवारीच ती न कळवता जाऊन थडकली. दाराला कुलूप.

"पाचला निघतात, रोज," शेजारचे काका म्हणाले. "त्यांच्यावर घड्याळ लावून घ्यावं. ते काय, वळणावर चाललेत."

ती मागोमाग निघाली. तीन लांबलचक रस्ते, मग चढण, मग बासष्ट पायऱ्या. वडील कठड्याला हातही न लावता वर गेले. जगाचं चालणं मोजणारी उठाबाई मात्र मध्येच धापा टाकत उभी राहिली. तिला रडू यावं की राग, कळेना. पट्टा घरी काढून ठेवतात म्हणावं, तर हाकेनंतर उठतं कोण?

वर एक बैठी, लांबट इमारत होती. व्हरांड्यात चाकांच्या खुर्च्या ओळीनं लावलेल्या, त्यांत शाली पांघरलेली माणसं. वडील एका खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. खिशातून कंगवा काढून त्यांनी खुर्चीतल्या माणसाचे पांढरे केस नीट केले. ती खांबाआड थांबली. कुणी जुना मित्र असेल, तिला वाटलं. चांगलं आहे, पण मला दोन महिने घोर लावायचं काय कारण होतं?

सहा वाजले. तिनं मोबाईल काढला. आता मुद्देमालासकट पकडते, असं मनाशी म्हणत तिनं बटण दाबलं.

वडील जागचे हलले नाहीत. त्यांचा हात मांडीकडेही गेला नाही.

खुर्चीतला उजवा हात तेवढा शालीखालून बाहेर आला आणि मांडीवर टेकला. डावा मांडीशेजारी नुसता पडून होता. मग त्या उजव्या हातानं समोरची दांडी धरली आणि एक कृश बाई थरथरत वर उठायला लागली. वडील सावरायला पुढे झाले.

"हात नका देऊ," ती वाकड्या झालेल्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत म्हणाली. "ठमी मोजतेय."