लाईनीचा चरग

लाल बावटा फडकावत कल्लप्पा रुळांत उभा राहिला आणि होटगीची पॅसेंजर धुसफुसत थांबली. त्याच्या फाटकाशेजारी, ऐन रुळांवर, काळविटांचा कळप पसरला होता. मधोमध शिंगवाला नर ऐटीत उभा होता, जणू तिकिटं तपासायलाच आला आहे.

“परवा बी हेच!” इंजिनातून डोकं काढून ड्रायव्हर रामहरी ओरडला. “उद्या माझ्याकडं भरलेली मालगाडी हाय, कल्लप्पा. ती काय ह्या उतारावर थांबत न्हाय. मग मला बोल लावू नगंस.”

बहात्तरच्या दुष्काळात हाच कळप कल्लप्पानं स्वतःच्या घागरीतलं पाणी पाजून जगवला होता. गेल्या पावसाळ्यात त्यातलं एक पाडस गाडीखाली गेलं, तेव्हा गड्याला जेवण गेलं नव्हतं. त्यानं सगळे उपाय करून पाहिले. डबे बडवले. बुजगावणं उभं केलं, तर नर त्यालाच शिंगं घासू लागला.

शेवटी देवावर भरवसा. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, तिकडचे शेतकरी जेवण घेऊन रानात जातात आणि त्यातलं थोडं चौफेर शिंपडून भूमीला घास देतात. तोच चरग. कल्लप्पाला गुंठाभर रान नव्हतं. “लाईनच आपलं रान. तीच भाकरी देती की,” असं म्हणून मागच्या येळवसेला त्यानं रुळांतच चरग टाकला. पण भाविक माणसाचं एका दिवसावर कुठं भागतं? तेव्हापासून रोज सकाळी तो मूठभर ज्वारी रुळांत टाकायचा आणि म्हणायचा, “लाईनमाय, माझ्या मुक्या लेकरांना सांबाळ.” पाडस गेलं, तशी मुठीची ओंजळ झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा येळवस होती. लांबून मालगाडीची शिट्टी आली. कळप रुळांतच. कल्लप्पानं बावटा हलवला, डबा बडवला, घसा बसेपर्यंत हाकललं. एक जनावर हलेना. तेवढ्यात त्याची बायको गुरम्मा डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत बाजरीचे वाफवलेले उंडे, मिसळ भाज्यांची भज्जी आणि सूपभर ज्वारी.

“आण हिकडं! आज सगळी पाटी लाईनीला वाहतो!”

गुरम्मा थबकली. नराचं गाडीकडं लक्षच नव्हतं. तो पाटीकडं बघत होता. ती झटकन रूळ ओलांडून पलीकडच्या माळावर गेली. “बर्री, बर्री,” ‘या, या’ अशी तिनं कानडीतून साद घातली, दूर जाऊन पाटी पालथी केली आणि बाजूला सरली. आधी नर उडाला, मग सगळा कळप. सगळ्यांत मागचं पिल्लूही धडपडत माळावर पोचलं. मोकळ्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली आणि रामहरीनं खुशीत लांबलचक शिट्टी दिली.

कल्लप्पाचे डोळे भरून आले. त्यानं रुळावर डोकं टेकलं. “पावलीस गं माय!”

गुरम्मा कमरेवर हात ठेवून खळखळून हसली.

“उठा आता. तिच्या काय पाया पडताय? तिनं वरीसभरात एक दाणा खाल्ला न्हाय.”