मेंढवाड्यातली पाहुणी

"वहिनी, बाजूला व्हा! तुमच्याच मेंढ्या फाडल्यात त्यानं!" मेंढवाड्याचं दार अडवून उभ्या यांगचेनवर तिचा दीर रिगझिन ओरडला. त्याच्यामागे धोंडे घेऊन हिमालयातल्या स्पिती खोऱ्यातलं ते अख्खं गाव उभं होतं.

छताच्या भगदाडातून आत उतरलेल्या हिमबिबट्याला आत धाव घेऊन उडी मारायला जागा नसल्यानं बाहेर पडता येत नव्हतं. यांगचेनही त्याला मारायलाच आली होती, पण फटीतून डोकावताच तिचा राग विरला होता.

"भाऊजी, मादी आहे! आचळं दुधानं भरलीत. वर कड्यात पिल्लं असतील!" आणि तिनं कडी काढली.

मादी एका उडीत माणसांवरून गेली, उभा कडा चढली आणि बर्फात मिसळून गेली.

"केवढी ती शेपटी!" हातातला धोंडा टाकून रिगझिन नाचायलाच लागला. "वहिनी, पाहिलीत?"

"पाहिली! आता छताला जाळी ठोका भाऊजी, पुढच्या खेपेला पिल्लंही येतील!"