रविवारची शर्यत

शेन्झेनला नोकरी करणारा यीफान नववर्षालाही छेंगदूला आईबाबांकडे फिरकला नव्हता. "कामच तेवढं असतं त्याला," वडील देफू कौतुकाने सांगत.

रविवारी देफू भाजी घेऊन परतत होते, तर छेंगदूच्या मॅरेथॉनमुळे रस्ता बंद होता. "पैसे भरून पळतात लेकाचे!" शेजारचे वू हसले. देफूही हसत बघत उभे राहिले, आणि घामाने निथळणारा यीफान समोरून गेला. "अरे बाळा!" म्हणत ते चार पावलं धावलेही, पण ढोलांच्या आवाजात हाक विरून गेली.

घरी त्यांनी बायकोला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी यीफानचा फोन आला, "बाबा, रविवार असूनही ऑफिसातच आहे हो. घरी यायला सुट्टीच मिळत नाही."


"बरं बाळा," देफू म्हणाले, "झोपण्याआधी पाय गरम पाण्यात ठेव. दुखत असतील."