चहाघराचं दार

संजीव पुरता कावला होता. परवा बाबा नागपूरला परतणार, त्याआधी एक दिवस तरी बापलेकानं सुखानं घालवावा, एवढीच त्याची इच्छा. म्हणून तो त्यांना अमेरिकेतल्या आपल्या बेलव्ह्यूच्या घरून ही जपानी बाग दाखवायला घेऊन आला, आणि चहाघराच्या दाराशी बाबांनी सत्याग्रह मांडला.

तशी सुरुवात आधीच झाली होती. तळ्याकाठची सरदारांची बाग, मग पाण्याविना नुसत्या वाळू-दगडांची भिक्खूंची बाग, मग ही चहाची बाग, असं गाइडबाई शतकाशतकानं पुढे सरकत होत्या. सूट-टाय घातलेले बाबा, एकनाथराव, मात्र हात धुवायच्या दगडी कुंडाशी अडून बसले.

"एकाच पळीनं सगळे पाणी घेतात?" त्यांनी संजीवला दोनदा विचारलं आणि दोनदा हात धुतले. मागे रांग खोळंबली.

आणि आता हे दार. जेमतेम कमरेएवढं. गुडघे टेकून, मान खाली घालून आत शिरायचं.

"पूर्वी सरदारसुद्धा तलवार बाहेर ठेवून असेच वाकून जायचे," संजीव म्हणाला. "आत गेल्यावर सगळे सारखे. तुम्हाला तर हे आवडायला पाहिजे, बाबा."

"सरदार वाकले, चांगलं झालं. त्यांना सवय नव्हती. मी गावात पाटलाच्या दारी चौदा वर्षं वाकलो."

"ही अमेरिका आहे. बुकिंग करायला तीन आठवडे लागले मला. आणि विहारात वाकता की तुम्ही."

"बुद्धापुढे वाकतो. दारापुढे काहून?"

गाइडबाई घड्याळ बघू लागल्या. संजीवला वाटलं, आता इथंच डोकं आपटून घ्यावं.

"तू जा. मी थांबतो," बाबा शांतपणे म्हणाले.

तो चडफडत एकटाच गुडघ्यांवर आत शिरला आणि चटईवर बसला. राग होताच, पण रागापेक्षा लाज जास्त वाटत होती, आणि ती बाबांची की स्वतःची ते त्याला कळेना.

दारातून बाबा कमरेपर्यंतच दिसत होते. निळी विजार, सरळ सोडलेले हात. चेहरा दिसत नव्हता. तो पाहायला संजीव खाली वाकला, आणखी वाकला, आणि कपाळ चटईला टेकायला आलं तेव्हा कुठे बाबा त्याला पूर्ण दिसले.