डिमेलोंची नजर

डिमेलो पुन्हा तिच्या हाताकडेच बघत होते.

ऑर्केस्ट्रात शाल्मली आणि डिमेलो शेजारी बसून, एकाच स्टँडवरचं नोटेशन बघून व्हायोलिन वाजवायचे. हल्ली मात्र डिमेलोंची नजर नोटेशनवर नसायचीच, ती शाल्मलीच्या बोवर, व्हायोलिनच्या त्या गजावर, खिळलेली असायची. चहाच्या सुट्टीत हाक मारली तरी ते वळून बघत नसत. परदेश दौऱ्यासाठी एक व्हायोलिनवादक कमी करायचा होता. आपल्या चुका हेरून हा माणूस कंडक्टरचे कान भरतोय, अशी तिची खात्रीच झाली होती.

आज तिने खुर्ची तिरपी केली आणि त्यांच्याकडे पाठ केली. बघा म्हणावं आता!

तालीम सुरू झाली. एका विरामानंतर सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची होती. तिथे शेजारचं व्हायोलिन एकटंच मागाहून वाजलं. कंडक्टरने सगळ्यांना थांबवलं.

"कोण होतं ते?"

शाल्मली डिमेलोंकडे वळली. "सर, तुम्ही मागाहून वाजवलंत," ती हळूच म्हणाली.

डिमेलो भेदरून तिच्या ओठांकडे बघत राहिले. "सर?" तिने जरा मोठ्याने विचारलं. तरी तेच.

मग ते पुटपुटले, "ऐकू येत नाही गं, बाय. तुझा बो दिसला की मी वाजवतो. कुणाला सांगू नकोस."

"मी विचारतोय, कोण चुकलं?" कंडक्टर ओरडला.

शाल्मलीने त्याच्याकडे तोंड केलं.

"मी, सर."

तिच्या पाठीमागे डिमेलो अजून तिच्या उत्तराची वाट बघत होते.